मोटरहोमसाठी रोडसाइड असिस्टन्स: मैल नंतर मोजा, आधी ट्रक कोणता येणार ते विचारा

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतलं निवृत्त जोडपं. ३२ फुटी क्लास ए मोटरहोम (बससारखी मोठी, आत राहायची सोय असलेली गाडी) घेतली आहे, वापरलेली, फोर्डच्या एफ-५३ चॅसीवरची (म्हणजे खालचा सांगाडा आणि इंजिन फोर्डचं), गॅसवर, म्हणजे पेट्रोलवर, चालणारी. मागे २०१३ची होंडा सीआर-व्ही ओढत न्यायची आहे. मे अखेरीस निघून सिएटलला मुलीकडे, तिथून कॅनडात बॅन्फ, आणि थंडी पडायच्या आत परत. ट्रिपल ए या अमेरिकी मोटार क्लबचं प्लस सभासदत्व वीस वर्षांपासून आहे, कारच्या विम्यात रोडसाइड (वाटेत बंद पडलेल्या गाडीला मदत, टोइंग म्हणजे ओढून नेणंही त्यात) आहे, क्रेडिट कार्डावरही काहीतरी आहे. "तीन तीन असताना चौथं कशाला? आणि घ्यायचंच झालं तर ते 'अनलिमिटेड टोइंग'वालं घ्यावं का?"

चौथं घ्या. तुमच्याकडे जी तीन आहेत ती सीआर-व्हीची आहेत, मोटरहोमची नाहीत.

मी अकरा वर्षं रोडसाइडच्या कॉल सेंटरला डिस्पॅचवर, म्हणजे मदतीचे ट्रक पाठवायच्या कामावर, होतो. त्यातली शेवटची चार फक्त हेवी ड्यूटीच्या टेबलावर, म्हणजे ट्रक, बस आणि मोटरहोम. आता सहा वर्षं आम्ही दोघं स्वतःच ३४ फुटी घेऊन हिंडतो. त्यामुळे फोनच्या दोन्ही टोकांना बसून झालं आहे.

आधी तुमच्या तिन्ही कार्डांकडे बघू. क्रेडिट कार्डाच्या रोडसाइडमधून मोटरहोम बहुतेक वेळा वगळलेल्या असतात. नसल्या तरी वजनाची मर्यादा अशी असते की तुमची गाडी तिच्यात बसत नाही. ते विसरून जा. कारच्या विम्यातलं रोडसाइड त्या पॉलिसीत लिहिलेल्या कारपुरतं असतं. मोटरहोमची पॉलिसी वेगळी असणार, तिला ही सोय जोडली आहे का ते बघा. जोडलेली असली तरी टोइंग किती मैल, आणि प्रत्येक कॉलची नोंद क्लेम म्हणून होते का, हे एजंटला लेखी विचारा. काही कंपन्या नोंद करतात आणि पुढच्या वर्षीच्या हप्त्यात ती दिसते.

ट्रिपल एचा घोळ सगळ्यात मोठा. कारण लोकांना वाटतं ही एकच संस्था आहे. १९०२ साली सुरू झालेला हा प्रादेशिक क्लबांचा महासंघ आहे, आणि प्रत्येक क्लबचे नियम आपापले. तुमच्या न्यू जर्सीतच एकाहून जास्त क्लब आहेत. साध्या प्लसमध्ये १०० मैल टोइंग मिळतं, पण ते कार, पिकअप वगैरेंना. मोटरहोम आणि ट्रेलर धरायचे तर बहुतेक क्लबांत 'प्लस आरव्ही' किंवा 'प्रीमियर आरव्ही' (आरव्ही म्हणजे राहायची सोय असलेली कुठलीही गाडी) असा वेगळा दर्जा घ्यावा लागतो. वीस वर्षं सभासद असलेला माणूस फोनवर चिडून "आय अ‍ॅम अ प्लस मेंबर" म्हणतो आणि समोरचा थंडपणे सांगतो की मागची कार नेतो, मोटरहोम नाही नेता येणार. असे कॉल मी किती घेतले असतील याला गणती नाही.

आता 'अनलिमिटेड'विषयी. यात दोन जाती आहेत आणि जाहिरातीत फरक कळत नाही. ट्रिपल ए पद्धतीत मैल मोजून मिळतात, पण त्या मैलांच्या आत गाडी कुठे न्यायची ते तुम्ही ठरवता. गुड सॅम, कोच-नेट वगैरे खास आरव्हीसाठीच्या योजनांत मैलांना मर्यादा नसते, पण गाडी जाते ती 'जवळच्या योग्य दुरुस्ती केंद्रात'. ते केंद्र १२ मैलांवर असेल तर तुमचं अनलिमिटेड १२ मैलांचं. पुढच्या गावात ओळखीचा मेकॅनिक आहे म्हणून तिकडे न्या म्हणालात तर वरच्या मैलांचं बिल तुमचं.

तरीही मोटरहोमसाठी मी दुसरी जात घ्यायला सांगतो, आणि त्याचं कारण भूगोल आहे. पूर्व किनाऱ्यावर १०० मैलांत दहा गॅरेजं सापडतात. नेवाडा, वायोमिंग, मोंटानामध्ये १०० मैलांत एखादा गॅस पंप आणि गाई. यूटामध्ये आय-७० महामार्गावर ग्रीन रिव्हर ते सलायना हा सुमारे ११० मैलांचा पट्टा असा आहे की मध्ये एकही गाव नाही, पंप नाही, काही नाही. तिथे बंद पडलात तर मोटरहोम घेणाऱ्या गॅरेजपर्यंत १०० मैल पुरतील की नाही हे तुम्ही नेमके कुठे उभे आहात त्यावर ठरेल.

'योग्य' या शब्दावर मात्र थांबा, कारण भांडणं इथेच होतात. आरव्ही डीलर छताची गळती, फ्रीज, स्लाइड-आउट (उभ्या गाडीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग) बघतो. इंजिनाला हात लावेलच असं नाही. तुमच्या एफ-५३चं इंजिन किंवा गिअरबॉक्स गेला तर लागतो फोर्डचा असा डीलर, ज्याच्याकडे ट्रक दुरुस्तीची जागा आणि एवढी उंच गाडी आत घेण्याइतकं दार आहे. गावातला फोर्ड डीलर कार दुरुस्त करतो म्हणजे तुमची गाडी घेईलच असं नाही. म्हणून गाडी उचलण्याआधी स्वतः त्या गॅरेजला फोन लावायचा आणि विचारायचं: ३२ फुटी मोटरहोम घेता का, आणि हात कधी लावाल? कारण बहुतेक योजनांत एका बिघाडाला एकच टो. पहिल्या गॅरेजने 'आमच्याकडे जमणार नाही' म्हटलं की दुसऱ्या गॅरेजपर्यंतचा खर्च तुमचा. शनिवारी संध्याकाळी सगळं बंद असताना गाडी रात्रीपुरती टोवाल्याच्या यार्डात गेली आणि सोमवारी पुढे नेली, तर ते एक टो धरतात की दोन, हेही विकत घेताना विचारून ठेवा. उत्तर ईमेलने मागा.

आता ट्रक. रोडसाइड कंपन्यांचे हेवी ट्रक स्वतःचे नसतात. तुमचा फोन येतो, डिस्पॅचरच्या पडद्यावर त्या भागातल्या ठेकेदारांची यादी उघडते, आणि तो एकेकाला विचारत सुटतो. ठेकेदार नाही म्हणू शकतो, म्हणतोही. अपघाताचं काम पोलिसांच्या यादीतून मिळतं, त्याला भाव जास्त. तो आमच्या ठरलेल्या दराला रात्री दोन वाजता कशाला येईल? आणि ग्रामीण काउंटीत मोटरहोम उचलू शकेल असा रेकर, म्हणजे जड गाड्या ओढणारा ट्रक, एखादाच असतो. म्हणजे कार्ड कुठल्याही कंपनीचं असो, येणारा ट्रक बहुधा तोच आणि ड्रायव्हरही तोच. फरक पडतो तो मधल्या माणसामुळे. तो चौथ्या नकारानंतर पाचवा फोन लावतो का, ठरलेल्या दराच्या वर पैसे द्यायची मुभा त्याला आहे का, आणि मोटरहोम म्हणजे काय हे त्याला ठाऊक आहे का. वर्षाला तुम्ही पैसे भरता ते या माणसाचे.

त्याला ठाऊक नसलं की काय होतं, ते सांगतो. शनिवार संध्याकाळ, नेवाडात आय-८० वर विनेमुका आणि एल्कोच्या मधून एकाचा फोन आला. ३७ फुटी डिझेल पुशर (मागे डिझेल इंजिन असलेली मोटरहोम), इंजिन बंद, ब्रेक जाम. फोन घेणारा नवा मुलगा. त्याने "आरव्ही, चालू होत नाही" एवढं टिपलं आणि फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर चढवून नेणारा सपाट ट्रक, पाठवला. दोन तासांनी फ्लॅटबेड पोचला, ड्रायव्हरने गाडीकडे एकदा बघितलं आणि परत फिरला. फ्लॅटबेडचा पाटाच जमिनीपासून तीनेक फूट उंच. त्यावर साडेबारा फुटी मोटरहोम चढवली की उंची साडेपंधराच्या पुढे, आणि पूर्वेकडच्या बहुतेक राज्यांत मर्यादा १३ फूट ६ इंच, पश्चिमेत बहुतेक ठिकाणी १४. बऱ्याच पुलांखालून जाणार नाही. मग प्रकरण माझ्या टेबलावर आलं. एल्कोचा रेकर तोवर एका उलटलेल्या मोठ्या मालट्रकवर गुंतलेला. त्या जोडप्याची गाडी हलली पहाटे सव्वादोनला.

त्या गाडीचे ब्रेक जाम का होते, तर एअर ब्रेक. टाकीतली हवा संपली की स्प्रिंग आपोआप ब्रेक लावून धरते, ती सुरक्षेसाठीच केलेली योजना आहे. रेकरवाल्याला स्वतःची हवा जोडून किंवा स्प्रिंग बोल्टने आवळून ते सोडवावे लागतात. तुमच्या एफ-५३चे ब्रेक हायड्रॉलिक आहेत, हा प्रश्न तुम्हाला येणार नाही. पण दुसरा येईल. पुढचं टोक उचलून मागची चाकं रस्त्यावर फिरवत न्यायची तर ड्राइव्ह शाफ्ट आधी सोडवावा लागतो, नाहीतर इंजिन बंद, तेलाचा पंप बंद, आणि आत गिअरबॉक्स कोरडा फिरून जळतो. ड्रायव्हर घाईत असेल तर तो "हळू नेतो, काही होत नाही" म्हणेल. ऐकू नका. शाफ्ट सोडवल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि सोडवलेला शाफ्ट, त्याचे बोल्ट तुमच्या ताब्यात ठेवायचे. परत जोडण्याचं काम बरीच गॅरेजं वेगळं लावतात आणि योजना ते देतेच असं नाही.

म्हणून फोनवर पहिल्या वाक्यात 'आरव्ही' म्हणू नका. आरव्ही म्हणजे छोटी व्हॅनही असते आणि ४५ फुटी बसही. म्हणा: क्लास ए, ३२ फूट लांब, अमुक उंच, एवढं वजन, गॅस, मागे कार आहे. वजनाचा आकडा ड्रायव्हरच्या सीटजवळच्या लेबलवर असतो, त्याचा फोटो आजच काढून दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. टायरच्या बाजूवरचा साइझही टिपा, माझ्या गाडीचा २३५/८०आर२२.५ आहे. आणि जागा सांगताना शहराचं नाव नको. रस्ता, दिशा, माइल मार्कर (रस्त्याकडेच्या मैलाच्या पाटीवरचा आकडा). पूर्वेकडे जाताय का पश्चिमेकडे, हे चुकलं तर मधला दुभाजक ओलांडायला ट्रकला पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊन यावं लागतं, आणि पश्चिमेत तो एक्झिट २० मैलांवर असू शकतो.

टायरचं आमच्यावरच शेकलं, म्हणून जरा सविस्तर. वर म्हटलं त्याच यूटाच्या पट्ट्यात, तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात, मागच्या उजव्या जोडीतला आतला टायर फुटला. आवाज बंदुकीसारखा, आणि पाण्याच्या टाकीचा पाइप सोबत घेऊन गेला. आमच्याकडे आरव्हीची चांगली योजना, डिस्पॅचर बाई उत्तम. पण योजनेत लिहिलेलं असतं ते असं: तुमची स्टेपनी चढवून देऊ. आणि या आकाराच्या मोटरहोमना स्टेपनी नसतेच बहुधा. एवढं जड चाक ठेवायला जागा नाही आणि दोन म्हाताऱ्यांना ते उचलणार नाही. मग नवा टायर शोधा, तो घेऊन येणारा ट्रक शोधा. साडेपाच तास गेले. ट्रक येण्याचे आणि चढवण्याचे पैसे योजनेने दिले, टायर आमचा. टायर आणून देण्याचा खर्च धरला आहे का, हा प्रश्न माझ्या यादीत फार वर आहे, कारण मोटरहोमच्या कॉलमध्ये टायरचे कॉल भरपूर असतात. बायको म्हणते त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा तिने एका बैठकीत अख्खी कादंबरी वाचली.

तुमच्या पहिल्याच दिवशी लागणारी गोष्ट: टोल रस्ते. न्यू जर्सी टर्नपाइक, पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक, न्यूयॉर्क थ्रूवे, इथे फक्त त्या रस्त्याच्या प्राधिकरणाने नेमलेले टोवाले येऊ शकतात. तुमची योजना कितीही भारी असो, तिचा ट्रक आत शिरणार नाही. तिथे त्यांच्याच माणसाला बोलवायचं, पैसे स्वतः भरायचे, पावती घ्यायची आणि नंतर भरपाई मागायची. तशीच गत पोलिसांनी बोलावलेल्या ट्रकची. गाडी धोकादायक जागी असेल तर स्टेट पोलिस तुमच्या डिस्पॅचरची वाट बघत नाहीत, यादीतला पुढचा ठेकेदार बोलावतात. हेवी टोचं बिल हजार-दोन हजार डॉलरवर सहज जातं. भरपाई पूर्ण मिळते की ठरावीक रकमेपर्यंत, आणि अर्ज किती दिवसांत करायचा, हे बघा. क्रेडिट कार्डावर तेवढी जागा मोकळी ठेवा. त्या कार्डाचा खरा उपयोग हाच.

सीआर-व्हीबद्दल. २०१३ची घेतलीत हे बरं केलंत. २०१५पासून त्यात सीव्हीटी या प्रकारचा गिअरबॉक्स आला आणि चारही चाकांवर ओढायची सोय गेली. आता योजना विचारताना असं विचारा की मोटरहोम बंद पडली तर मागच्या कारचं काय. तुमच्या बाबतीत उत्तर सोपं आहे, एकजण ती सोडवून चालवत मागे येईल. हीच गाडी तुमची टॅक्सी, हीच हॉटेलपर्यंत नेणार. पण ट्रकने मोठा ट्रेलर ओढणाऱ्यांचं उलटं होतं: ट्रक बंद पडला की कित्येक योजना ट्रक नेतात आणि ट्रेलर, सामानासकट, महामार्गाच्या कडेला राहतो. ट्रेलरवाल्यांनी 'दोन्ही नेता का' हे लेखी घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत. (आणि एक राहिलंच: मागे कार जोडलेली असताना रिव्हर्स घ्यायचा नाही. कार जोडणारा दांडा, टो बार, वाकतो. चुकीच्या गल्लीत शिरलात तर आधी उतरून कार सोडवा, मग मागे या.)

'ट्रिप इंटरप्शन' नावाचा फायदा जाहिरातीत ठळक असतो: हॉटेल, जेवण, भाड्याची कार. बारीक अक्षरात दोन अटी असतात. घरापासून १०० मैलांच्या पुढे असाल तरच, ही एक. दुसरी जास्त महत्त्वाची: अनेक ठिकाणी हे फक्त अपघात झाला तर मिळतं, बिघाडाला नाही. या फायद्याकडे बघून योजना निवडू नका.

चिखल आणि वाळूत रुतणं. पश्चिमेत बीएलएमच्या (केंद्र सरकारचं जमीन खातं) जमिनीवर फुकट राहता येतं, सहसा १४ दिवस, आणि तिथे मुक्काम करायचा मोह होतोच. पण योजना गाडी बाहेर ओढून देते ती देखभाल होत असलेल्या रस्त्यालगत, ठरावीक फुटांच्या आत. कच्च्या रस्त्यावर तीन मैल आत रुतलात तर ट्रक येणारच नाही किंवा येईल तो तुमच्या खर्चाने. जिथे टो ट्रक यायला कचरेल, तिथे ३२ फूट न्यायचेच नाहीत.

कॅनडाचं फार कठीण नाही. अमेरिकेतल्या मोठ्या आरव्ही योजना कॅनडात चालतात, ट्रिपल एच्या सभासदांना तिथे सीएए, म्हणजे कॅनडातला तसाच मोटार क्लब, सेवा देते. मेक्सिकोचं मात्र दर वेळी वेगळं विचारावं लागतं.

तर तुमच्यासाठी मी असं करेन. सीआर-व्हीसाठी ट्रिपल ए हवंच असेल तर खालच्या दर्जावर आणेन. मोटरहोमसाठी खास आरव्हीची योजना, वर्षाला साधारण १०० ते २५० डॉलरच्या घरात. निवडताना मैलांपेक्षा वजन लावेन ते तांत्रिक मदतीच्या फोनला. कारण निम्मे बिघाड बिघाड नसतात. इंजिनाची बॅटरी बसलेली असते आणि डॅशबोर्डवर राहायच्या भागातल्या दिव्या-पंप्यांच्या बॅटरीने स्टार्ट द्यायचं बटण असतं, ते माणसाला माहीत नसतं. स्लाइड-आउट आत जात नाही, कारण हँडब्रेक लावलेला नसतो किंवा व्होल्टेज पडलेलं असतं. फोनवरचा जाणकार हे दहा मिनिटांत सांगतो आणि ट्रक लागतच नाही. ती सोय चोवीस तास आहे का आणि तिथे खरा मेकॅनिक बसतो की यादी वाचणारा, ते बघायला विक्रीच्या नंबरवर फोन करून एवढंच विचारा: "माझी एफ-५३ बंद पडली तर फ्लॅटबेड पाठवाल का?" "हो" म्हणाले तर आभार मानून ठेवून द्या.

दोघांचीही नावं घाला. निघायच्या निदान पंधरा दिवस आधी घ्या, नव्या सभासदांना पहिले काही दिवस सेवा न देण्याची अट सर्रास असते. गाडीच्या वयाची आणि वजनाची मर्यादा आहे का, तेही त्याच फोनवर विचारून घ्या, तुमची जुनी आहे म्हणून.

आणि जुनी आहे म्हणूनच: उद्या सकाळी टॉर्च घेऊन गाडीखाली वाका. प्रत्येक टायरच्या बाजूवर डीओटीने सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार अंक वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. ३२१६ म्हणजे २०१६चा बत्तिसावा आठवडा. कोड एकाच बाजूला पूर्ण छापलेला असतो, त्यामुळे आतल्या चाकांचा वाचायला झोपावं लागेल. नक्षी कितीही खोल दिसत असली तरी सात वर्षांच्या वरचे असतील तर आधी टायर बदला, योजनेचे पैसे पुढच्या महिन्यात भरा.